फरक स्पष्ट करा : काळी-पिवळी आणि अ‍ॅपवाली

आपल्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो. ‘फरक स्पष्ट करा.’ डावीकडे एसी मोटर, उजवीकडे डीसी मोटर, मध्ये फुटपट्टीने मारलेली उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा मुद्दे. मार्क खिशात! ‘टॅक्सी बरी की मोबाइलवर बोलावलेली कॅब?’ हा विषय तसाच रेघ मारून संपवता आला असता. पण या विषयात ती रेघ काही केल्या उभी राहत नाही. डावीकडे लिहिलेला मुद्दा थोड्या वेळाने उजवीकडेही निघतो.

मला या विषयात रस आहे त्याचं कारण घरचं आहे. माझा मामा गेली सव्वीस वर्षे मुंबईत टॅक्सी चालवतो. त्याची आताची वॅगन-आर २००६ सालची. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरवलेले आहे, म्हणजे २०२६ हे तिचं शेवटचं वर्ष. मग पुढे काय? नवीन गाडी घेऊन तिला पुन्हा काळा-पिवळा रंग द्यायचा, की टूरिस्ट परमिटची पांढरी गाडी घेऊन अ‍ॅपला लावायची? गणपतीत आमच्याकडे यावर इतका वाद झाला की मोदक थंड झाले. मामी अ‍ॅपच्या बाजूने, मामा मीटरच्या बाजूने, आणि ‘तू इंजिनिअरिंग करतेस ना, मग हिशेब काढून दे’ म्हणून मध्ये मी! हा लेख म्हणजे त्या हिशेबाची थोडी वाढवलेली वही समजा.

आधी थोडा इतिहास, पण थोडाच. मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या जोडीला मोटार टॅक्सी आल्या १९११ च्या सुमारास. आपल्या डोळ्यांसमोर जी टॅक्सी येते ती मात्र प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या डिझाइनवर बनणारी ही गाडी. तिचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला बंद झालं आणि टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. वीस वर्षांच्या नियमाने ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तेव्हा पेपरांत बरेच लेख आले, फोटो आले, लोक हळहळले. मामा म्हणाला, ‘‘त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगला होता. दिवसभर टाकून बघ, मग हळहळ.’’

दुसऱ्या बाजूचा इतिहास त्याहून लहान. उबर २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. ओला २०१० च्या शेवटी इथेच, मुंबईत, आयआयटी बॉम्बेच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी काढली. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, मेरूने मुंबईत फोन करून बोलवायच्या एसी टॅक्सी आणल्या होत्या. म्हणजे ‘घरबसल्या टॅक्सी’ ही कल्पना अ‍ॅपवाल्यांची नव्हे. त्यांनी फोन उचलणारा माणूस मधून काढला आणि तिथे प्रोग्रॅम बसवला. या एका बदलात सगळी गंमत आहे, म्हणून जरा तिथे थांबू या.

मीटर काय करतो आणि अ‍ॅप काय करते

टॅक्सीचा मीटर हे फार सरळ यंत्र आहे. गिअरबॉक्सजवळच्या सेन्सरमधून चाकाच्या फिरण्याप्रमाणे पल्सेस येतात. ठराविक पल्सेस म्हणजे ठराविक अंतर. मीटर ते मोजतो, गाडी थांबली की वेळ मोजतो, आणि सरकारने ठरवलेल्या दराने गुणतो. बस्स. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून दर आहे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे आणि पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे ३१ रुपये. गुणून बघा, २०.६६ गुणिले १.५ म्हणजे ३०.९९. (रिक्षाचे १७.१४ गुणिले १.५ केले की २५.७१, म्हणून किमान भाडे २६.) मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पाव पट जास्त. मंत्री बसो की मजूर, मीटरला काही कळत नाही.

जुने मेकॅनिकल मीटर बॉनेटच्या कडेला बाहेर असायचे. त्यावरचा आकडा आणि द्यायचे पैसे यांचा काही संबंध नसायचा, मधे एक कार्ड लागायचे. नवखा माणूस गोंधळला की थोडीफार लूटही व्हायची. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि कार्डाची भानगड बरीच कमी झाली. तरी ‘मीटर फास्ट आहे’ ही तक्रार गेलेली नाही. पण फरक असा की मीटर तपासता येतो. दर बदलला की तो पुन्हा कॅलिब्रेट करून सील करावा लागतो. बरोबर काय असायला हवं ते छापलेलं आहे, म्हणून चूक पकडता येते.

अ‍ॅपचे तसे नाही. अ‍ॅप दोन निर्णय घेते: कोणती गाडी कोणाला द्यायची आणि पैसे किती सांगायचे. पहिला निर्णय मला मनापासून आवडतो, कारण तो आपल्या ऑपरेशन्स रिसर्चच्या पुस्तकातला असाइनमेंट प्रॉब्लेम आहे, चक्क!

समजा गाड्या दोन आहेत, क आणि ख. प्रवासी दोन, दादरचा आणि माटुंग्याचा. क ला दादरला पोचायला २ मिनिटे लागतात, माटुंग्याला ३. ख ला दादरला ४ आणि माटुंग्याला १२. जो आधी मागेल त्याला जवळची गाडी, असं केलं तर दादरवाल्याला क मिळेल आणि माटुंग्याचा माणूस बारा मिनिटे घड्याळ बघत उभा राहील. एकूण १४ मिनिटे. पण दोघांच्या मागण्या काही सेकंद धरून ठेवल्या आणि मग एकत्र जोड्या लावल्या, तर क माटुंग्याला जाईल, ख दादरला. तीन अधिक चार, सात मिनिटे. निम्मा वेळ! दादरवाल्याला दोन मिनिटे जास्त थांबावे लागले खरे, पण ते त्याला कधी कळणारही नाही. दोन गाड्यांचे हे गणित पाटीवर होते. हजारोंचे करायला १९५५ मध्ये मांडलेली हंगेरियन मेथड किंवा तिच्या नातेवाईक पद्धती लागतात. आपण ती पाच बाय पाचच्या टेबलवर पेन्सिलने करतो आणि ‘याचा उपयोग काय?’ म्हणून कुरकुरतो.

शहराचे तुकडे पाडायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. उबरने षटकोनांची एक जाळी बनवली आहे, तिचं नाव एच-थ्री, आणि २०१८ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. चौकोन का नकोत? चौकोनाला आठ शेजारी, त्यातले कोपऱ्यावरचे चार १.४१ पट लांब. षटकोनाला सहाच शेजारी आणि सगळे सारख्या अंतरावर. मधमाश्यांना हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे!

रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी पकडण्यात हे काहीच नाही. एका गल्लीत तीन टॅक्सी रिकाम्या आणि पुढच्या गल्लीत तीन माणसे ताटकळत, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. माणूस आणि गाडी यांची गाठ घालणे या एका कामात अ‍ॅप शंभर टक्के सरस आहे. मामासुद्धा हे मान्य करतो.

दुसरा निर्णय, भावाचा. इथे मात्र माझं मन तितकं खूश नाही.

मागणी वाढली की भाव वाढवायचा, याला ते सर्ज म्हणतात. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत हा फीडबॅक लूप आहे. सेन्सर मागणी मोजतो, कंट्रोलर भाव वाढवतो, भाव वाढला की थोडे प्रवासी मागे हटतात आणि थोडे ड्रायव्हर त्या बाजूला येतात, मग भाव खाली. ऐकायला छान. शुक्रवारी संध्याकाळी बीकेसीत ते थोडंफार चालतंही. पण जुलैत हिंदमाताला गुडघाभर पाणी भरलं की काय होतं? भाव कितीही वाढवा, गाडी तिथे येऊच शकत नाही. अ‍ॅक्च्युएटर सॅच्युरेट झाला! आता वाढलेला भाव नवीन गाडी आणत नाही, तो फक्त आहेत त्या चार गाड्यांत कोण बसणार ते ठरवतो. ज्याच्या खिशात जास्त, तो बसणार. पावसात अडकलेल्या माणसाची गरज आणि त्याचा खिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लूपला फक्त खिसा दिसतो.

(काळी-पिवळीवालेही पावसात ‘मीटर नहीं, पाँच सौ’ म्हणतात, हे मामाच्या तोंडावर सांगितले. तो म्हणाला, ‘‘म्हणतात. पण तो गुन्हा आहे. तुमच्या अ‍ॅपचा गुन्हा नाही, फॉर्म्युला आहे.’’ यावर उत्तर सुचलं नाही.)

शिवाय भाव सर्वांना सारखा दिसतो का? जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटीस पाठवून विचारले होते की आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगळे भाडे का दिसते. दोन्ही कंपन्यांनी असा भेद करत नसल्याचे सांगितले. आम्ही तीन मैत्रिणींनी कॉलेजच्या गेटवर उभे राहून एकाच ठिकाणचे भाडे एकदम तीन फोनवर काढून पाहिले. एका अ‍ॅपवर २१४, २२१, २१४ असे आकडे आले. यावरून काही सिद्ध होत नाही, कारण दोन सेकंदांतही भाव बदलू शकतो आणि तीन रीडिंग म्हणजे काही प्रॅक्टिकल नव्हे, जर्नलवर सही मिळणार नाही. पण मुद्दा तोच तर आहे. मीटर चुकला तर आरटीओत नेता येतो. २२१ चूक आहे की बरोबर हे तपासायला कुठे न्यायचं?

नकाशा डोक्यात की फोनमध्ये

लंडनच्या काळ्या टॅक्सीचं लायसन्स मिळवायला ‘नॉलेज’ नावाची परीक्षा द्यावी लागते. १८६५ पासून आहे ही परीक्षा. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ पाहिजेत. २००० साली तिथल्या संशोधकांनी या ड्रायव्हरांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तर हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. मामाची कोणी अशी परीक्षा घेतली नाही, पण ‘भारतमाताच्या पुढे, डावीकडे जुनी गिरणी होती तिथून आत’ एवढ्यावर तो बरोबर दारात सोडतो. गिरणी जाऊन टॉवर आला तरी पत्ता गिरणीचाच!

फोनला पत्ता लागतो आकड्यांत. जीपीएस तीन आकडे शोधते (अक्षांश, रेखांश, उंची) आणि चौथी अडचण म्हणजे फोनचं घड्याळ अचूक नसतं. चार अज्ञात, म्हणून कमीत कमी चार उपग्रह लागतात. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा येतो आणि जागा सरकते. त्यात उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, म्हणून उंचीची चूक सर्वांत जास्त. जे. जे. उड्डाणपूल आठवा. गाडी पुलावर आहे की पुलाखाली मोहम्मद अली रोडला, हे फोनला पटकन समजत नाही. एकदा पुलावर चढलात की चांगले दोन-अडीच किलोमीटर गेल्याशिवाय उतरता येत नाही. आमच्या कॉलेजच्या गेटचा पिनही नेहमी डिव्हायडरच्या पलीकडे पडतो, त्यामुळे ड्रायव्हर तिथून फोन करतो, आपण इथून हात हलवतो, आणि ‘मॅडम, आप इधर आ जाओ’, ‘भैया, आप यू-टर्न मारो’ हा रोजचा संवाद!

पण मुंबईत काल आलेल्या माणसाला हे डोक्यातले नकाशे काय कामाचे? त्याला लांबून फिरवलं तरी कळायचं नाही. अ‍ॅपवर त्याला रस्ता दिसतो, भाडं आधी समजतं. भाषा येत नसेल तरी चालतं. हा फायदा छोटा नाही.

आता नकार. दादर स्टेशनबाहेर जवळचं भाडं सांगा, पाच टॅक्सीवाले मान हलवतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ प्रमाणे भाडं नाकारणं हा गुन्हा आहे आणि त्याला दंडही आहे. लोकांना कंटाळा आला होता तो याचाच. अ‍ॅप आले तेव्हा वाटलं, सुटलो. नव्याचे नऊ दिवस! आता ड्रायव्हर फोन करतो, ‘कहाँ जाना है? कॅश या ऑनलाइन?’ आणि उत्तर पसंत नसेल तर गाडी नकाशावर आहे तिथेच उभी राहते. आपणच कंटाळून कॅन्सल करावं म्हणून. काळी-पिवळीवाला तोंडावर नाही म्हणतो, दोन मिनिटांत दुसरी बघता येते. हा आठ मिनिटे ‘हो’ म्हणत ठेवतो. मागच्या सेमिस्टरला व्हायव्हाच्या दिवशी माझ्या तीन बुकिंगा अशा गेल्या, शेवटी बेस्टच्या बसने पोचले.

ड्रायव्हर असं का करतो तेही ऐकून घ्या. आमच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीवर थांबणाऱ्या एका अ‍ॅपवाल्याने सांगितलं की ऑनलाइन पैसे कंपनीकडून फिरून येतात आणि त्याला सीएनजी आत्ता भरायचा असतो. आणि बुकिंगच्या जागेपर्यंत तीन किलोमीटर रिकामं जायचं, त्याचा गॅस कोण देणार? एका हाताने टाळी वाजत नाही.

सुरक्षिततेबद्दल एक मुलगी म्हणून लिहिते. रात्री साडेअकराला कुर्ला टर्मिनसला उतरल्यावर मी अ‍ॅपच वापरते. ड्रायव्हरचं नाव, फोटो, गाडीचा नंबर आईच्या फोनवर जातो, गाडी कुठे आहे ते तिला दिसत राहतं, ओटीपी दिल्याशिवाय प्रवास सुरू होत नाही. हे सगळं मोलाचं आहे. पण डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाला, तेव्हा उघड झालं की त्या ड्रायव्हरवर आधीचे गुन्हे होते आणि त्याची नीट पडताळणीच झाली नव्हती. दिल्लीत त्यानंतर त्या सेवेवर बंदी आली आणि पुढे पॅनिक बटण वगैरे गोष्टी आल्या. म्हणजे अ‍ॅप आपल्याला ड्रायव्हर ‘दाखवते’, पण तो माणूस कसा आहे हे कोणीतरी हाडामांसाच्या माणसाने तपासावं लागतं. काळी-पिवळीच्या बॅजमागे पोलिसांची पडताळणी असते. तिथे उणीव अशी की मी कोणत्या गाडीत बसले हे घरी कोणाला कळत नाही. म्हणून टॅक्सीत बसण्याआधी मी नंबर प्लेटचा फोटो आईला पाठवते, ड्रायव्हरला दिसेल असा.

आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही ते? परळला केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या बाहेर दहा मिनिटे उभे राहून बघा. गावाहून आलेली माणसे, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, पेशंटला धरून हळूहळू चालवत आणलेलं. त्यांना पिन, ओटीपी, वॉलेट काय सांगणार? आणि शहर भागात, माहीम-सायनच्या अलीकडे, रिक्षा येतच नाही. ते हात करतात आणि टॅक्सी थांबते. चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जाणारी शेअर टॅक्सीची रांगही तशीच. अ‍ॅप नाही, अल्गोरिदम नाही, माणसं भरली की गाडी सुटली. अ‍ॅपवाल्यांनीही ‘पूल’ काढलं होतं, ते २०२० मध्ये कोविडने बंद पाडलं. चर्चगेटची रांग मात्र कोविडनंतर पुन्हा लागली.

मामाचा हिशेब

मामा महिनाभर वहीत रोजचे किलोमीटर लिहीत होता. सरासरी दिवसाला ११० किलोमीटर गाडी फिरली, त्यात भाड्याचे ६५. बाकीचे ४५ रिकामे. त्याच्या ओळखीचा एक अ‍ॅपवाला आहे, त्याचे रोजचे १३०, त्यात भाड्याचे ९०. वर जोड्या लावायचं गणित केलं ना, त्याचा परिणाम इथे दिसतो.

सीएनजी २०२५ च्या मध्याला मुंबईत साधारण ८० रुपये किलो होता, तो भाव धरला. किलोला २० किलोमीटर. नव्या गाडीसाठी पाच लाखांचे कर्ज, दहा टक्के, पाच वर्षे, म्हणजे हप्ता १०,६२४ रुपये. महिन्याला २६ दिवस काम. इन्शुरन्स, पासिंग, टायर, किरकोळ मिळून महिना ४,००० धरले.

काळी-पिवळी: ६५ गुणिले २०.६६ म्हणजे १,३४३. गॅस ४४० गेला, उरले ९०३. २६ दिवसांचे २३,४७८. हप्ता आणि चार हजार वजा केले की हातात सुमारे ८,८५०. (किमान भाडे आणि थांबण्याचे पैसे यांनी थोडे वाढतील.)

अ‍ॅपला आता दर ठरवून दिलेला आहे. महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये या कंपन्यांसाठी धोरण आणलं. कंपनीला जीआरमध्ये ‘समुच्चयक’ म्हटलंय. मी कॉन्व्हेंटवाली, मला समुच्चय म्हणजे फक्त गणितातला माहीत! त्यात सर्ज मूळ दराच्या दीडपटीपर्यंत, सूट जास्तीत जास्त २५ टक्के आणि भाड्याचा किमान ८० टक्के वाटा ड्रायव्हरला, असे ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईसाठी मूळ दर किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे जाहीर झाला. तर ९० गुणिले २२.७२ म्हणजे २,०४५. त्याचे ८० टक्के १,६३६. गॅस ५२० वजा, उरले १,११६. महिन्याचे २९,०१६. हप्ता आणि खर्च जाऊन १४,३९०.

मामी जिंकली! असं वाटून मी वही मिटणार होते, तेवढ्यात मामा म्हणाला, ‘‘कंपनीने पंचवीस टक्के सूट दिली तर?’’ मग दर झाला १७.०४. नव्वद किलोमीटरचे १,५३४, त्याचे ८० टक्के १,२२७, गॅस जाऊन ७०७, महिन्याचे १८,३८०, आणि हप्ता-खर्च वजा केल्यावर हातात ३,७५०. तोच ड्रायव्हर, तीच गाडी, तेवढेच कष्ट. एका टोकाला चौदा हजार, दुसऱ्या टोकाला पावणेचार. काळी-पिवळीत न कळणारी गोष्ट आहे रिकामे किलोमीटर, आणि ती थोडीफार मामाच्या हातात आहे: कोणत्या वेळी कोणत्या स्टँडला उभं राहायचं हे तो सव्वीस वर्षांत शिकला. अ‍ॅपमध्ये न कळणारी गोष्ट आहे दर, आणि तो ड्रायव्हरच्या हातात अजिबात नाही. नियम कागदावर असले तरी ते पाळले जातात का हे रोज कोण बघणार?

मामीचा मुद्दाही सोडू नका. महिना आठ हजार ८५० रुपयांत लालबागसारख्या ठिकाणी घर चालतं का? नाही चालत. आताची गाडी कर्जमुक्त आहे म्हणून चाललंय. माझ्या धाकट्या मामेभावाची बारावी आहे. मामा म्हणतो तो ‘हातात असलेला’ दर, पण तेवढ्यात भागत नसेल तर तो हातात असून उपयोग काय?

सुरुवातीच्या वर्षांत अ‍ॅपवाल्यांनी गुंतवणूकदारांच्या पैशांतून ड्रायव्हरना भरपूर इन्सेंटिव्ह आणि आपल्याला भरपूर सवलत दिली. खूप जणांनी तेव्हाच्या कमाईवर गाड्यांची कर्जे काढली. मग इन्सेंटिव्ह आटले, हप्ते तसेच राहिले. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस मुंबईतल्या ओला-उबर चालकांनी जवळजवळ दोन आठवडे संप केला तो यातूनच. एप्रिल २०२५ मध्ये तर इलेक्ट्रिक गाड्यांच्या ब्लूस्मार्टने बुकिंगच थांबवलं. गाड्या कंपनीच्या, अ‍ॅप कंपनीचं, त्यामुळे अ‍ॅप बंद म्हणजे ड्रायव्हरचं काम बंद.

कायदा हळूहळू जागा होतोय. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे ड्रायव्हर ‘स्वतंत्र धंदेवाले’ नसून कामगार आहेत, त्यांना किमान वेतन आणि रजा मिळाली पाहिजे, असे ठरवले. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात प्लॅटफॉर्म कामगार हा शब्द पहिल्यांदा कायद्यात आला, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या सुरक्षेच्या निधीत द्यायचे आहेत. मामासारखा काळी-पिवळीवाला यात कुठेच नाही, कारण त्याला कंपनीच नाही. त्याचे परमिट हीच त्याची इस्टेट.

तिसरा मार्ग आहे का? बंगळूरला २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘नम्मा यात्री’ सुरू झालं, रिक्षाचालकांच्या युनियनला बरोबर घेऊन. त्यात कमिशन नाही. प्रवासी देतो ते पूर्ण भाडं ड्रायव्हरचं, आणि ड्रायव्हर अ‍ॅप वापरायचे दिवसाला २५ रुपयांसारखे ठराविक पैसे देतो. गाठ घालायचं काम प्रोग्रॅमचं, आणि भाव ठरवायचं काम प्रोग्रॅमचं नाही, असे हे दोन निर्णय वेगळे केलेत. मामाची वही या हिशेबाने पुन्हा मांडली: दर मीटरचाच २०.६६, पण भाड्याचे किलोमीटर अ‍ॅपवाल्यासारखे ९०. होतात १,८५९. गॅस ५२० आणि अ‍ॅपचे २५ वजा केले की दिवसाला १,३१४. महिन्याचे ३४,१६४, आणि हप्ता-खर्च जाऊन १९,५००. मामा आणि मामी दोघेही पहिल्यांदाच गप्प बसून वहीकडे बघत होते. मुंबईत काळी-पिवळीला रोज ९० किलोमीटर देईल इतकं चालणारं असं अ‍ॅप आधी पाहिजे, ही अट त्याखाली मी लाल पेनने लिहिली आहे.

नम्मा यात्रीचा कोड खुला आहे, कोणीही वाचू शकतो. आमच्या ग्रुपने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तोच घ्यायचा ठरवला आहे: दादर, परळ आणि लालबाग एवढाच भाग, त्याचे षटकोन, आणि मामाच्या स्टँडवरच्या बारा टॅक्सी. बारापैकी सात जणांकडे साधे फोन आहेत, त्यामुळे पहिलं काम मिस्ड कॉलवर चालणारं व्हर्जन बनवण्याचं आहे. जावा येणारं कोणी असेल तर दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये येऊन भेटा, गुरुवारी चारनंतर आम्ही तिथेच असतो.